जुना स्वेटर उसवून लोकर पुन्हा विणण्याजोगी करताना: कामाचा क्रम, तपासण्या आणि लोकर दुसऱ्याला देण्याची रीत

उसवलेल्या लोकरीबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. गाठी फार येतात, विणल्यावर टाके वेडेवाकडे दिसतात, अंगाला नीट बसलेला स्वेटर पहिल्या धुण्यात आखूड होतो आणि दुसरी बाही अर्ध्यात आली की लोकर संपते. यात लोकरीचा दोष क्वचितच असतो. कामं उलटसुलट क्रमाने झालेली असतात. शिवण शोधण्याआधी कात्री चालते, लडी न घालता थेट गुंडा होतो, धुण्याआधीच लांबी मोजली जाते आणि नमुना न विणताच टाके घातले जातात. मग हीच अर्धवट लोकर पिशवीत कोंबून ‘तुला विणायची आवड आहे ना, घे’ म्हणत दुसरीच्या हातात दिली की ती सरळ तिच्या माळ्यावर जाते.

हा लेख हाताने विणलेल्या किंवा चांगल्या लोकरीच्या जुन्या स्वेटरसाठी आहे. लोकर स्वतःला ठेवायची असो की कुणाला द्यायची असो, सातव्या टप्प्यापर्यंतचं काम सारखंच.

## सुरुवात करण्याआधी

पावसाळ्यात हे काम काढू नका. मुंबईत आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये लोकरीची लडी दिवसेंदिवस दमट राहते आणि तिला कुबट वास धरतो. तो वास पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. ऑक्टोबरच्या उन्हाचे दिवस सगळ्यांत सोयीचे. दिवाळीनंतर गारवा येईपर्यंत लोकर सुयांवर चढवायला तयार असते.

जवळ हवं ते असं: बारीक टोकाची कात्री, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, क्रोशाची सुई, पाठीची खुर्ची, पांढरा सुती दोरा, टेप, सपाट पट्टी, जुना टॉवेल, कागद-पेन आणि ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा. काटा नसेल तर वाण्याकडे वजन करून आणा, पण अंदाजावर राहू नका. पुढचा सगळा हिशेब वजनावर आहे.

स्वेटर कुणाच्या तरी हातचा असेल तर उसवण्याआधी घरात विचारा. कपाटात पाच वर्षं पडून असलेला स्वेटरही कुणाच्या तरी आईच्या हातचा असतो आणि ते कात्री लागल्यावरच आठवतं. फोटो काढून ठेवा. वीण आवडली असेल तर ओळी मोजून लिहूनही ठेवा.

## टप्पा १: स्वेटर उसवण्याजोगा आहे का, ते पाहा

सर्वांत जास्त मेहनत इथेच वाया जाते. दुकानातून घेतलेला स्वेटर उलटा करा आणि काखेपासून खाली येणारी शिवण बघा. हाताने विणलेल्या स्वेटरच्या शिवणीत दोन्ही बाजूंच्या कडा अखंड असतात आणि मधून एक धागा ओवलेला दिसतो. कारखान्यातल्या बऱ्याच स्वेटरांत मात्र विणलेलं कापड थानासारखं कापून त्याच्या कडेला तीन-चार धाग्यांची ओव्हरलॉकची गुंफण मारलेली असते. अशा स्वेटरची प्रत्येक ओळ शिवणीपाशी कापलेली असते. तो उसवला तर हातात एकेका ओळीचे शेकडो तुकडे येतात. तो सोडून द्या. त्याची उशी होईल किंवा पायपुसणं होईल, लोकर होणार नाही.

दुसरी तपासणी आटलेपणाची. मशीनमध्ये गरम पाण्यात धुतलेली शुद्ध लोकर घट्ट होऊन नमद्यासारखी होते. बोटाने दोन टाके अलग करून पाहा. टाका स्पष्ट दिसत नसेल, तंतू एकमेकांत अडकले असतील, तर तो सुटणार नाही.

तिसरी तपासणी उजेडाची. स्वेटर खिडकीसमोर धरा. कोपरं, मनगटं आणि काखेजवळ धागा विरलेला असतो. ते भाग उसवायला हरकत नाही, पण त्यांची लोकर वेगळी ठेवायची.

बारीक छिद्रं विखुरलेली दिसली, वाळूसारखे कण किंवा पांढरट रेशमी जाळीची नळकांडी सापडली, तर कसर लागली आहे. तो स्वेटर लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि घरातल्या बाकी लोकरीपासून लांब ठेवा. डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवला की अंडी आणि अळ्या मरतात. कसर लागलेला धागा जागोजागी तुटतो, म्हणून स्वेटर फारच लाडका असेल तरच पुढे जा.

इथे थांबा: मागच्या बाजूने दुसऱ्या रंगाचे धागे आडवे ओढून नक्षी काढलेला स्वेटर पहिल्यांदा उसवायला घेऊ नका. दोन-तीन धागे एकाच वेळी सुटतात आणि गुंता होतो. आडव्या पट्ट्यांचा स्वेटर चालेल.

## टप्पा २: धागा कशाचा, ते ठरवा

सगळ्यालाच ‘लोकर’ म्हणायची आपली सवय. लुधियानाहून येणाऱ्या आणि आपल्या बाजारात मिळणाऱ्या हातविणीच्या गुंड्यांत अॅक्रिलिक भरपूर असतं आणि त्यात वाईट काही नाही. पण मेंढीची लोकर आणि अॅक्रिलिक यांना धुणं, उष्णता, जोडणं सगळं वेगवेगळं लागतं. म्हणून आधी ओळख पटवा.

शिवणीतून दहा सेंटिमीटर धागा काढा. ओढणी किंवा पदर खोचून घ्या, खिडकी उघडा, स्टीलच्या ताटलीत थोडं पाणी घ्या आणि धागा चिमट्यात धरून मेणबत्तीच्या ज्योतीला लावा. मेंढीची लोकर हळू जळते, ज्योत काढली की बहुधा आपोआप विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटांनी चुरडते. अॅक्रिलिक वितळत जळतं आणि थंड झाल्यावर कडक काळा मणी उरतो. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख मऊ, करडी असते.

सावधान: वितळलेल्या अॅक्रिलिकचा थेंब कातडीला चिकटतो. धागा हाताने धरू नका आणि मुलांना जवळ उभं करू नका.

दोन्हींच्या खुणा दिसल्या तर मिश्र धागा आहे. त्यासाठी सोपा नियम: धुताना त्याला लोकर समजा, उष्णता देताना अॅक्रिलिक समजा. जे कळलं ते कागदावर लिहा. हाच कागद शेवटपर्यंत लोकरीबरोबर राहणार आहे.

## टप्पा ३: सुटे भाग करा, पण विणण्याच्या उलट क्रमाने

स्वेटरचं एकूण वजन आत्ता करून लिहून ठेवा. मग बटणं, चेन, खिसे काढा. यापुढचा क्रम साधा आहे: जे सर्वांत शेवटी विणलं किंवा शिवलं, ते सर्वांत आधी निघतं. गळ्याची पट्टी आणि बटणपट्टी बहुधा टाके उचलून शेवटी विणलेली असते, म्हणून ती आधी. मग बाहीची मुंढ्याशी असलेली शिवण, मग बाहीची आणि कडेची लांब शिवण, शेवटी खांदे.

शिवण शोधायची कशी? दोन्ही हातांनी दोन बाजू हलकेच ओढून धरा. मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे दिसतील, तो शिवणीचा धागा. त्याच्याखाली बोथट सुई घालून तो वर उचला, स्वेटरच्या लोकरीपासून वेगळा झाला याची खात्री करा आणि मगच कापा. एक धागा कापला की चार-पाच टाके बोटांनीच सुटतात. शिवणही त्याच लोकरीने घातली असेल तर घाई करू नका. इथे चुकीचा धागा जितक्या वेळा कापला जाईल तितके जोड पुढे येतात.

तपासा: पाठ, पुढा, दोन बाह्या असे भाग सुटे झाले का? प्रत्येकाच्या चारही कडा बोट फिरवून पाहा. कुठे टाका कापला गेला असेल तर तिथे सेफ्टी पिन लावून ठेवा.

## टप्पा ४: उसवा आणि लगेच लडी घाला

विणलेलं कापड टाके बंद केलेल्या, म्हणजे विणणं जिथे संपलं त्या बाजूनेच नीट उसवतं. टाके घातलेल्या बाजूने ओढलं तर प्रत्येक ओळीच्या टोकाला धागा अडकतो, एक सुलट एक उलट बॉर्डरमध्ये तर हमखास. आपल्याकडचे बहुतेक स्वेटर खालच्या बॉर्डरपासून वर विणलेले असतात, त्यामुळे उसवायचं खांद्याकडून. पण गळ्यापासून खाली विणायची पद्धतही आहे. शंका असेल तर सुलट बाजूचे टाके पाहा. प्रत्येक टाका इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दिसतो आणि त्याचं टोक ज्या बाजूला असतं, ती सुरुवातीची बाजू. तुम्ही तिच्या विरुद्ध बाजूने उसवा.

टाके बंद केलेली कड आडव्या पडलेल्या साखळीसारखी दिसते. तिच्या शेवटच्या टोकाशी आत ओवून टाकलेला धागा असतो. तो बोथट सुईने मागे काढा, शेवटच्या फासातून बाहेर ओढा आणि मग ओळ सुटू लागेल.

पुढच्या भागात एक अडचण येते. गोल किंवा व्ही गळा असेल तर डावा आणि उजवा खांदा वेगवेगळे विणलेले असतात. त्यातल्या एका खांद्यासाठी गळ्यापाशी नवा धागा जोडलेला असतो. तो खांदा आधी उसवायचा. गळ्याच्या सुरुवातीला पोचला की त्याचा धागा आपोआप संपतो. मग दुसरा खांदा, आणि तिथून सलग खालपर्यंत. उलट केलंत तर गळ्याच्या मधोमध धागा अडकून बसतो आणि कात्रीशिवाय सुटत नाही.

उसवलेला धागा शेवयांसारखा वळलेला निघतो. तो जमिनीवर ढीग करून ठेवू नका आणि गुंडाही करू नका. थेट खुर्चीच्या पाठीभोवती वेढे घालत जा. एकाने उसवायचं आणि एकाने वेढे घालायचे, असं दोघांनी केलं तर काम झपाट्याने होतं. घरातल्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला दुसरं काम आनंदाने जमतं. वेढे सैल घाला, ताणून नको. आणि वेढे मोजा. दर पन्नासाला कागदावर रेघ मारा. हे आत्ता केलं नाही तर पुढे लांबी काढायला पुन्हा सगळं उलगडावं लागतं.

धागा अडकला तर हिसका देऊ नका. क्रोशाच्या सुईने तो टाका मोकळा करा. केसाळ लोकर फारच चिकटत असेल तर तो भाग पिशवीत घालून तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. तंतू थोडे सुटे होतात. एक धागा संपला की पुढचा त्याला गाठ मारून जोडू नका, टोक बाहेर लोंबतं सोडा. विरलेला भाग आला की तो कापून वेगळ्या छोट्या लडीत घ्या.

एका भागाची एक लडी करा. खुर्चीवरून काढण्याआधी चार ठिकाणी पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधा. दोरा लडीच्या मधून आठच्या आकड्यासारखा फिरवून सैल गाठ मारायची. रंगीत दोरा नको, त्याचा रंग लोकरीला लागतो. आवळून बांधलं तर तिथे पाणी पोचत नाही आणि वळ्या तशाच राहतात.

## टप्पा ५: धुवा आणि वाळवा

हा टप्पा गाळण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण वळलेला धागाही सुयांवर विणता येतो. पण त्या वळ्यांमुळे टाके लहानमोठे पडतात, माप खोटं येतं आणि पहिल्या धुण्यात धागा सरळ झाला की स्वेटरचा आकार बदलतो.

आधी रंग तपासा. धाग्याचं टोक ओलं करून पांढऱ्या फडक्यात दाबा. रंग उतरला तर ती लडी एकटी धुवा.

बादलीत कोमट पाणी घ्या, हाताला गरम न लागणारं, साधारण ३० अंशांचं. लोकरीच्या कपड्यांसाठीचं द्रव साबण किंवा रिठ्याचं गाळलेलं पाणी मिसळा. नेहमीची धुण्याची पावडर लोकरीला कडक पडते आणि ब्लीच तर मेंढीची लोकर विरघळवूनच टाकतं. लडी पाण्यावर ठेवा, हाताने हळूच खाली दाबा आणि वीस-तीस मिनिटं तशीच राहू द्या. चोळायची नाही, पिळायची नाही, नळाच्या धारेखाली धरायची नाही. विसळताना पाणी तेवढंच कोमट हवं. गरमातून एकदम गारात, त्यात चोळणं, अशाने लोकर आटून घट्ट होते आणि मग ती पूर्ववत होत नाही. बोअरवेलचं जड पाणी असेल तर शेवटचं विसळणं पिण्याच्या पाण्याने करा.

लडी दोन्ही हातांनी खालून आधार देऊन उचला, टॉवेलमध्ये गुंडाळा आणि दाबून पाणी काढा. मग सावलीत, गुळगुळीत काठीवर किंवा जाड हँगरवर टांगा. मधूनमधून लडी फिरवायची, नाहीतर काठीवर टेकलेला भाग शेवटपर्यंत ओला राहतो.

वजन लटकवावं का? थोडंसं. वळ्या फार घट्ट असतील तर लडीच्या खालच्या टोकाला ओला नॅपकिन अडकवा, तेवढा पुरे. पाण्याची भरलेली बाटली लटकवण्याचा सल्ला सर्रास ऐकू येतो. तो पाळू नका. ओली लोकर त्या भाराने ताणली जाते, तिची लवचीकता तेवढ्यापुरती मरते आणि विणून धुतल्यावर ती पुन्हा आखडते.

अॅक्रिलिकच्या वळ्या पाण्याने पूर्ण जात नाहीत. थोड्या अंतरावरून वाफ दाखवली तर बऱ्याच कमी होतात. इस्त्री मात्र टेकवायची नाही. एकदा तापलेलं अॅक्रिलिक लुळं पडतं, चमकू लागतं आणि ते कायमचं.

तपासा: लडी गालाला लावून पाहा. गार लागली तर आत ओल आहे. आणखी एक दिवस राहू द्या.

## टप्पा ६: मोजा, मग गुंडा करा

वाळलेल्या लडीचं वजन करा. मग ती न ताणता सरळ धरून एका वेढ्याचा घेर टेपने मोजा आणि त्याला वेढ्यांच्या संख्येने गुणा. घेर १६० सेंटिमीटर आणि वेढे १२५, म्हणजे २०० मीटर. धुण्याआधीचा घेर धरू नका. वळ्या निघाल्यावर तो बदललेला असतो.

जाडी पाहण्यासाठी धागा पट्टीवर शेजारी शेजारी गुंडाळा, एकावर एक नाही आणि ताणूनही नाही. अडीच सेंटिमीटरमध्ये साधारण चौदाच्या वर वेढे बसले तर बारीक, बाळाच्या कपड्यांची लोकर. अकरा-बारा बसले तर नेहमीच्या स्वेटरची. नवाच्या आत असतील तर जाड. बारीक लोकरीला १० नंबरची सुई, मधलीला ८ नंबरची आणि जाडीला ६ नंबरची घेऊन सुरुवात करा. आपल्याकडच्या नंबरांत नंबर वाढला की सुई बारीक होते: ६ म्हणजे ५ मिलिमीटर, ८ म्हणजे ४, १० म्हणजे ३.२५ आणि बॉर्डरला लागणारी १२ म्हणजे २.७५. अमेरिकेत हे नेमकं उलटं आहे. तिथे ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. लेक-सून परदेशात असेल आणि तिला लोकर पाठवायची असेल तर सुईचं माप मिलिमीटरमध्येच लिहा.

गुंडा सैल करा. दोन-तीन बोटं मध्ये घालून त्यांच्यावरून धागा गुंडाळायचा आणि मग बोटं काढून घ्यायची. दगडासारखा आवळलेला गुंडा दिसायला छान, पण त्यात धागा महिनोन्महिने ताणलेला राहतो.

गुंडा करताना जोड येतील. शुद्ध लोकरीची दोन टोकं तीन-चार सेंटिमीटर विस्कटून, एकावर एक ठेवून, पाण्याचा थेंब लावून तळव्यात जोरात घासली की ती एकजीव होतात. अॅक्रिलिकला किंवा मशीनमध्ये धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेल्या लोकरीला हा उपाय चालत नाही. तिथे गुंडे वेगळेच ठेवा आणि विणताना ओळीच्या टोकाला नवा धागा घ्या, दोन्हीकडे बोटभर-दीडबोट नव्हे, चांगले पंधरा सेंटिमीटर सोडून. ओळीच्या मध्ये मारलेली गाठ उलट बाजूला लपवली तरी धुण्यात सुलट बाजूला येते.

## टप्पा ७: नमुना विणा आणि हिशेब करा

नव्या लोकरीचं लेबल थोडंफार सांगतं. उसवलेल्या लोकरीबद्दल फक्त नमुना सांगतो. ठरवलेल्या सुईवर, ठरवलेल्या विणीत, किमान १५ सेंटिमीटर लांब-रुंद चौकोन विणा, धुवा, सपाट वाळवा. कडेचे टाके सोडून मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी येतात ते मोजा. अर्धा टाका आला तर तोही लिहा, कारण शंभर टाक्यांवर तो एक-दोन सेंटिमीटरचा फरक पाडतो.

समजा १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके आले. पाठीची रुंदी ५० हवी असेल तर ११० टाके, आणि शिवणीसाठी दोन.

आता लोकर पुरेल का? या प्रश्नाचं उत्तर त्याच नमुन्यात आहे. तो वजनकाट्यावर ठेवा. १५ बाय १५ म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर. वजन १० ग्रॅम आलं तर एका ग्रॅममध्ये २२.५ चौरस सेंटिमीटर विणून होतं. हाताशी ३८० ग्रॅम असेल तर ८,५५० चौरस सेंटिमीटर. मोठ्या माणसाचा स्वेटर ढोबळमानाने असा: पाठ आणि पुढा प्रत्येकी ५० बाय ६०, म्हणजे मिळून ६,०००; बाह्या सरासरी ३५ रुंद आणि ४५ लांब, म्हणजे दोन्ही मिळून ३,१५०. एकूण ९,१५०. पूर्ण बाह्यांचा स्वेटर होणार नाही. बिनबाह्यांचा होईल: २६७ ग्रॅम, त्यावर पट्ट्या आणि शिवणीसाठी दहा टक्के धरले तर २९५ च्या आसपास. उरलेल्या ८५ ग्रॅममध्ये लहान मुलाची टोपी आणि मोज्यांची जोडी निघते. ‘बघू, पुरली तर पुरली’ म्हणून बाह्या सुरू करणाऱ्यांनी हे दोन मिनिटांचं गणित आधी मांडावं.

थोडीच कमी पडत असेल तर दुसरा रंग आणा, पण तो शेवटी आणि एकाच जागी नको. वाढत्या मुलाचा आखूड झालेला स्वेटर उसवून पुन्हा विणताना बॉर्डर, मनगट आणि छातीवरची एक पट्टी नव्या रंगात घेण्याची घराघरातली रीत आहे. तिघांत रंग आला की तो मुद्दाम घेतल्यासारखा दिसतो. विरलेली लोकर वेगळी ठेवली होती ती इथे अजिबात वापरू नका. तिचा खेळण्यात भरायला किंवा चौकोनी तुकड्यांच्या मधल्या ओळीला उपयोग करा.

## टप्पा ८: लोकर दुसऱ्याला द्यायची असेल तर

चांगली लोकर वाटून घेण्यात विणणाऱ्यांना मोठं सुख असतं. चाळीत, कॉलनीत, भिशीच्या बायकांत गुंडे फिरत असतात आणि एकीच्या स्वेटरातून उरलेली लोकर तिसरीच्या नातवाच्या टोपीत सापडते. पण देण्यालाही तयारी लागते.

आधी निवड. अडगळ काढायची आणि लोकर द्यायची ही दोन वेगळी कामं आहेत. गाठींनी भरलेली, वास येणारी, न धुतलेली लोकर देऊ नका. तुम्हाला जी विणावीशी वाटत नाही ती दुसरीलाही वाटणार नाही.

मग वाटणी. सात जणींना पन्नास-पन्नास ग्रॅम दिली की कुणाचंच काही होत नाही, त्यापेक्षा दोघींना पुरेशी द्या. मध्यम जाडीच्या लोकरीत बाळाच्या टोपीला ३०-४० ग्रॅम लागतात, मोज्यांना २०-२५, मफलरला १५०-२००. एकाच स्वेटरच्या वेगवेगळ्या भागांतली लोकर उन्हाने कमी-जास्त फिकी झालेली असते. पाठीची आणि बाहीची लोकर दिवसाच्या उजेडात शेजारी धरून पाहा आणि फरक असेल तर तसं सांगा.

मग चिठ्ठी. दुसऱ्या टप्प्यापासून लिहीत आलेला कागद आता कामाला येतो. उदाहरणार्थ:

धागा: मेंढीची लोकर, जाळून पाहिली. वजन ८५ ग्रॅम, लांबी सुमारे १९० मीटर. पट्टीवर १२ वेढे. ४ मिलिमीटर सुईवर १० सेंटिमीटरमध्ये २२ टाके. हाताने, कोमट पाण्यात धुवावी. तीन जोड आहेत.

नमुन्याचा चौकोनही बरोबर बांधून द्या. तो पाहिला की घेणारीला अर्धे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

कुणाला काय द्यायचं यात बऱ्याच जणी चुकतात. वृद्धाश्रमात किंवा वसतिगृहात कपडे मशीनमध्ये एकत्र धुतले जातात, तिथे शुद्ध लोकरीची शाल दिली तर महिन्याभरात ती उशीच्या अभ्र्याएवढी होते. तिथे अॅक्रिलिकच योग्य. बाळंतविड्यासाठी द्यायची लोकर गालाला टोचणारी नको, केसाळ नको. तंतू सुटून बाळाच्या तोंडात जातात. घेणारीला सांगून ठेवा की टोपडं आणि झबलं यांना गळ्याशी लांब बंद लावायचे नाहीत, गोंडे लावायचे नाहीत आणि मोज्यांत आतून लोंबते धागे राहू द्यायचे नाहीत, त्यात बोटं अडकतात. बाळ मुंबईत किंवा कोकणात असेल तर सुती धागा द्या. तिथल्या हवेत लोकरीत गुंडाळलेलं बाळ घामेजतं आणि रडतं.

सावधान: बाळासाठी द्यायची लोकर डांबराच्या गोळ्यांत साठवलेली नसावी. त्यांतलं नॅफ्थलीन काही नवजात बाळांना घातक ठरतं; जी-सिक्स-पी-डी नावाच्या विकराची जन्मतः कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. तशीही स्वच्छ धुतलेली, पूर्ण वाळलेली आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेली लोकर गोळ्यांशिवाय टिकते. कसर घामाच्या आणि खाण्याच्या डागांकडे आधी जाते, म्हणून न धुतलेला स्वेटर आणि धुतलेली लोकर एका कपाटात नको. दर दोन-तीन महिन्यांनी डबा उघडून लोकर हलवा. अॅक्रिलिकला कसरीचा धोका जवळपास नाही.

## अनेकींनी मिळून पांघरूण करायचं असेल तर

उरलेल्या गुंड्यांचं सर्वांत सोपं सामायिक काम म्हणजे चौकोन जोडून केलेलं पांघरूण. इथली नेहमीची चूक एकच: सगळ्यांना ‘४० टाके घाला’ असं सांगितलं जातं. प्रत्येकीचा हात वेगळा, लोकर वेगळी, त्यामुळे कुणाचा चौकोन १६ सेंटिमीटरचा येतो आणि कुणाचा २१ चा. टाके सांगू नका, माप सांगा: धुऊन वाळल्यावर २० सेंटिमीटर. पुठ्ठ्याचा २० बाय २० चौकोन कापून प्रत्येकीला द्या. सर्वांनी एकच साधी वीण घ्यावी, दोन्ही बाजूंनी सुलट. ती कडेला गुंडाळत नाही.

लोकर आणि अॅक्रिलिकचे चौकोन एकाच पांघरुणात घालू नका. पहिल्या धुण्यात लोकरीचे आटतात आणि पांघरूण जागोजागी फुगतं. गोळा झालेले चौकोन आधी चिठ्ठ्यांप्रमाणे दोन ढिगांत लावा. आठ ओळी सहा चौकोनांच्या केल्या की १६० बाय १२० चं पांघरूण होतं, त्याला ४८ चौकोन लागतात. दोन-चार जास्त मागवा, एखादा परत करावा लागतोच. जोडताना आधी आडव्या पट्ट्या शिवा, मग पट्ट्या एकमेकींना. शिवणीला सर्वत्र एकच लोकर वापरा आणि तिचे वीस-पंचवीस ग्रॅम उरले तर एका कोपऱ्यात आतून टाचून ठेवा. पुढे एखादी शिवण सुटली तर ज्यांच्याकडे पांघरूण गेलं आहे त्यांना त्याच रंगाचा धागा शोधत फिरावं लागत नाही.